कार्ल्याच्या खांबांवरचे यवन

एकवीरा आईच्या पायऱ्या चढून कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरले की ‘हे काम रोमन कारागिरांचे’ असे बोलणे हमखास कानावर येते. पुरावा म्हणून खांबांवरचा ‘यवन’ हा शब्द दाखवला जातो. शब्द तिथे आहे, यात शंका नाही. पण लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहेत. त्यांत खांब घडवल्याची नव्हे, दान दिल्याची नोंद आहे, आणि धेनुकाकट या गावच्या त्या यवन दात्यांची नावे सिहधय, धम्म अशी आहेत. म्हणजे हे इथल्या बौद्ध संघाशी जोडले गेलेले लोक. ‘यवन’ हा शब्दही मुळात आयोनियाच्या ग्रीकांचा, रोमचा नव्हे. शैलीचे म्हणाल, तर समोरच्या डोंगरातले भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. रोमने इजिप्त ताब्यात घेतला इ.स.पू. 30 मध्ये, आणि तांबड्या समुद्रातून त्यांची जहाजे इकडे मोठ्या संख्येने येऊ लागली ती त्यानंतर. तरीही पिंपळपानी कमान आणि मागे गोलावलेले दालन भाज्यात आधीच आहे. कार्ल्याच्या छताला आजही लाकडी फासळ्या दिसतात. त्या दगडाचा भार पेलत नाहीत. इथल्या सुतारकामाची सवय तेवढी जपतात.

मग रोमचा कार्ल्याच्या या मावळ भागाशी संबंधच नाही का? आहे, पण गिऱ्हाइकाचा. कल्याण बंदरात उतरलेला माल बोरघाट चढून पैठण, तेरकडे जाई. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात केली. यावर रास्त आक्षेप असा, की मग महाराष्ट्रात रोमन नाणी इतकी थोडी का सापडतात? ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भरुचला रोमन नाणी स्थानिक नाण्यांत बदलून नफा होत असल्याचे लिहिले आहे. नाणे बंदरातच रूप पालटत असेल, तर ते घाटावर सापडणार कसे? त्या काळच्या स्थानिक नाण्यांचा मासला पाहा: क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे आहेत. अशी तेरा हजारांहून अधिक नाणी 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला मिळाली, आणि त्याच नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, कार्ल्याच्या भिक्षूंना गाव दान दिले.

रोम 476 मध्ये पडला आणि ही लेणी ओस पडली, हाही समज टिकत नाही. या व्यापाराचे बळ त्याआधीच ओसरले होते: रोमच्या चांदीच्या नाण्यातली चांदी तिसऱ्या शतकातच जवळजवळ संपली होती, आणि त्याच शतकात इकडे सातवाहनांची सत्ताही मावळली. 476 मध्ये संपले ते फक्त पश्चिमेचे साम्राज्य. कॉन्स्टॅन्टिनोपल 1453 पर्यंत टिकले. रोमच्या ‘देनारियस’ नाण्याचा ‘दीनार’ मात्र संस्कृतात कायमचा राहिला.