दगडातला समुद्र

"पाणी टाकून दिलंत तरी चालेल, पण दगड सुकू देऊ नका." आजोबांनी हे फोनवर तीनदा सांगितलं. आजोबा म्हणजे ग्लासगोशेजारच्या पेझलीत राहणारे एक स्कॉटिश गृहस्थ. माझ्या लेकीने पहिल्या भेटीतच त्यांना आजोबा करून टाकलं होतं. गुडघे गेले, बादल्या उचलवत नाहीत, म्हणून 9 वर्षं सांभाळलेली खाऱ्या पाण्याची टाकी ते मासे, प्रवाळ, दगड, पंप यांच्यासकट विकत होते. मी कोकणातला. समुद्र म्हणजे पाणी, एवढं लहानपणापासून ठाऊक. हा माणूस पाण्यावर उदार आणि दगडांवर एवढा हळवा का, ते कळेना.

मासा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. समुद्रात तो पसरून जातो. काचेच्या पेटीत जाणार कुठे? त्यातून समुद्राचं पाणी अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल. हिशेबाने टाकीतले मासे स्वतःच्याच घाणीने थोड्या दिवसांत मरायला हवेत. ते जगतात, कारण दगडांवर जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना बरंच सोसतं. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास असे जिवाणू वेगळे काढून दाखवले. त्यांना ऊन लागत नाही, दुसऱ्या जिवाने घडवलेलं अन्नही लागत नाही. अमोनियातून ते शक्ती मिळवतात आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

दगडाची खरी करामत मात्र त्याच्या पोटात चालते. हा दगड म्हणजे प्रवाळांचा जुना सांगाडा, भोकाभोकांचा, जाळीदार. वरच्या थरातले जिवाणू प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आत खोलवर तो जवळजवळ उरतच नाही. तिथे निराळी वस्ती असते. ती नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेते आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने पाण्याबाहेर पडतो. सकाळी माशांना घातलेल्या चिमूटभर खाद्यातला थोडा नायट्रोजन असा वळणावळणाने आमच्या दिवाणखान्याच्या हवेत येऊन मिसळतो.

अमोनिया आणि नायट्राइटवर जगणारी ती वरची मंडळी वाढतात मात्र सावकाश. आतड्यातला ई. कोलाय सगळं मनासारखं असेल तर 20 मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्धा दिवस, कधी अख्खा दिवस लागतो. म्हणून कोरी टाकी मार्गी लागायला चार-सहा आठवडे जातात. शिवाय ते पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागाला चिकटून राहतात. जकार्तामध्ये राहणाऱ्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातून जिवंत दगड आणायचे, टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे आणि बाकीचं दगडांवर सोपवायचं. आजोबांची टाकी त्याच वाटेवरची.

मग पाण्याबद्दल एवढी बेफिकिरी कशी? त्याचं उत्तर ग्लासगोतच आहे. 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांचा अभ्यास करत फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. ते ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. 1884 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाणी कुठल्याही महासागराचं घ्या, कुठे खारेपणा कमी असेल, कुठे जास्त, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच. क्लोराइड आणि सोडियम मिळून 85 टक्क्यांच्या वर, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. सगळे महासागर एकाच मापाने कालवलेले! म्हणून तर पिशवीतलं मीठ लिटरला 35 ग्रॅम घालून बादलीत समुद्र करता येतो.

मी 200 लिटर पाण्याला 7 किलो मीठ घालून ते आदल्या दिवसापासून पंपाने ढवळत ठेवलं. इथल्या नळाला लॉक कॅट्रिन तळ्याचं सुरेख मऊ पाणी येतं, पण शिशाच्या जुन्या पाइपांमुळे त्यात मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. फॉस्फेट म्हणजे शेवाळाला मेजवानी. त्यामुळे आधी आर.ओ. करावं लागलं.

फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर 4 अंश. टाकीत 25. सांगलीकडचा एक मित्र व्हॅन घेऊन आला आणि आम्ही थर्माकोलच्या पेट्या घेऊन पेझलीला पोचलो. मालवणच्या जेटीवर सुरमई बर्फात घालून नेतात त्याच पेट्या. फक्त इथे थंडी बाहेर ठेवायची होती.

4 फुटांची 300 लिटरची टाकी भरलेली कुणी हलवत नाही. रिकामी काचच 70 किलोच्या घरात, आणि पाणी हिंदकळलं की सिलिकॉनचे सांधे उकलायची भीती. आजोबांनी खुर्चीवर बसून क्रम सांगितला. आधी वरचं नितळ पाणी ड्रमांत काढलं. मग प्रवाळ, एकेकाला वेगळा डबा. लांब मांसल बोंडांचा एक प्रवाळ डब्याच्या झाकणाला दोऱ्याने उलटा टांगून, पाण्यात लोंबकळत न्यावा लागला. तळाला टेकला असता तर त्याच्याच सांगाड्याच्या धारदार कडांनी त्याचं अंग फाटलं असतं. मग दगड, पाण्यात बुडवलेलेच. त्यांच्यावर वाढलेल्या स्पंजांना हवा सोसत नाही, आतल्या वाटांत हवा अडकते आणि ते सडू लागतात. मासे शेवटी, कारण दगड निघाल्याशिवाय ते हाती लागत नाहीत.

वाळूपाशी आजोबा खुर्चीतून पुढे सरकले. "वरची वाटीभर घ्या. बाकीची फेकून द्या." जुन्या वाळूच्या खालच्या थरात, प्राणवायू नसतो तिथे, हायड्रोजन सल्फाइड साठतो. फावडं लागताच काळा पट्टा उघडा पडला आणि सडक्या अंड्याचा वास खोलीभर झाला. हीच वाळू तशीच नव्या टाकीत ओतली असती तर एका रात्रीत सगळं संपलं असतं.

दगडांच्या बादलीत लेक वाकून बघत होती. "बाबा, हे बघा!" तळाला, काढताना गळून पडलेल्या चुऱ्यात, केसाएवढ्या पाच हातांचा एक तारा वळवळत होता, करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या शेजारी केसाळ किडे, तांदळाच्या कणीएवढे झिंगे, एक गुलाबी गोगलगाय. यातलं काहीच आजोबांनी विकत आणलेलं नव्हतं. सगळं दगडांबरोबर आलं आणि 9 वर्षं नांदलं. तिने चमच्याने एकेकाला उचलून डब्यात घेतलं.

निघताना आजोबा दाराशी आले. "अजून एक जण आहे," ते म्हणाले. "रात्री टकटक करतो. मी त्याला कधी पाहिलेला नाही."

घरी स्टँड पाणसळीने सारखा केला. थोडाही कल राहिला तर एका कोपऱ्यावर भार येऊन काच तडकते. मग नवी वाळू, दगड, जुनं पाणी, नवं पाणी, हीटर, पंप. खारेपणा आणि तापमान जुळल्यावर बारीक नळीला गाठ मारून माशांच्या डब्यात थेंब थेंब पाणी सोडलं, तासभर. खारेपणा झटक्यात बदलला तर शरीराच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याचा तोल जातो आणि नाजूक जीव दगावतात.

पहिले तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ अमोनिया तपासला. परीक्षानळीतला रंग पिवळाच राहिला, म्हणजे दगड कामाला लागले होते. प्रवाळ मात्र मिटलेले. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, प्रकाशातून अन्न करून यजमानाला देतं. दिवा एकदम प्रखर लावला तर ते नातंच तुटायची भीती, म्हणून दिवा मंद ठेवून रोज थोडा वाढवला. चौथ्या दिवशी त्या टांगून आणलेल्या प्रवाळाची बोंडं एकेक करून फुगली, आणि दोन नारिंगी विदूषक मासे त्यात शिरले. पुढे मोठी मादी, मागे छोटा नर. ती गेली तर हाच नर मादी होतो.

मुंबईतल्या मावसभावाने व्हिडिओ पाहून असंच काही करायचं म्हटलं. त्याला कळकळीने सांगितलं की आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. 2020 मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी-हाजी अलीच्या प्रवाळवसाहती हलवल्या, त्या रीतसर परवानगीने, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. आपण घरात ठेवायचे नाहीत, ओहोटीच्या वेळी जाऊन पाहायचे.

टकटक मात्र ऐकू येईना. लेक रोज झोपायच्या आधी काचेला कान लावायची. टकटक करणारी पिस्तूल कोळंबी असणार, हे मी ताडलं होतं. तिची एक नांगी एवढ्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि फुटतो. आवाज नांगीचा नसून त्या फुटणाऱ्या बुडबुड्याचा असतो, हे 2000 मध्ये सिद्ध झालं. फुटताना त्याच्या पोटात क्षणभर हजारो अंशांची उष्णता होते. एवढं सगळं बोटभर जिवाच्या हातून, आणि तो जीव आता दगडात आहे की वाटेतल्या थंडीत गेला, सांगता येत नव्हतं.

सहाव्या रात्री दिवे मालवून मी भांडी आवरत होतो. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, काचेवर कुणी खडा मारावा तसा. टक्. मग थोड्या वेळाने पुन्हा. लेक पांघरुणातून उठून धावत आली. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी आम्ही पेझलीला फोन लावला आणि फोन काचेला टेकवून धरला. तिकडे कुणी काही बोललं नाही. तिसरी टक् झाल्यावर आजोबा म्हणाले, "हो. तोच."