गळू पिकेपर्यंत

गळू पिकलंय की नाही, हे बोटांना कळतं. सिस्टर हातमोजे चढवते, सुजेच्या दोन बाजूंना दोन बोटं टेकवते आणि एकाने हलकेच दाबते. दुसऱ्या बोटाखाली पाणी हलल्यासारखं लागलं, तर आत पू साठलाय. नुसतीच टणक, तापलेली, लालभडक कातडी असेल तर कापण्याजोगं अजून काही नाही; गोळ्या द्यायच्या, लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढायची आणि उद्या परत बोलवायचं. लाली रेघेबाहेर गेली, तर मोठं इस्पितळ गाठायचं. गाठ जांघेत असेल तर आणखी एक परीक्षा: ती नाडीसारखी उडते का? उडणारी गाठ म्हणजे बहुतेक सुईने दुखावलेल्या धमनीचा फुगा. तिथे ब्लेड लावलं तर बाई हातची जाईल.

सुईने नशा घेणाऱ्यांच्या ड्रॉप-इन सेंटरमध्ये हे काम रोजचं. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट १९९५ पासून रस्त्यावरच्या अशा माणसांत काम करते आहे. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमात नव्या सुया-सिरिंजा, जखमेची देखभाल आणि सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, हे सगळं एकाच कामाचा भाग मानलं जातं. एम्सच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुईने नशा घेणारे अंदाजे ८.५ लाख आहेत.

त्यांतल्या बायका मात्र सेंटरच्या बाकड्यांवर क्वचित दिसतात. गर्दुल्ला हा शब्दच पुल्लिंगी. बाईला अनेकदा सुई टोचतो तो तिचा नवरा नाहीतर साथीदार. आधी तो, मग तीच सुई हिला. वापरून बोथटलेली सुई, न धुतलेली कातडी, पोलीस येईल म्हणून घाई. खुणा दिसू नयेत म्हणून दंड सोडून मांडी, जांघ अशा कपड्याखालच्या जागा. कातडीवरचे जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस, सुईबरोबर आत जातात. औषधही भर घालतं. पेंटाझोसिन, म्हणजे फोर्टविन, पुन्हा पुन्हा टोचलं की कातडी लाकडासारखी घट्ट होते आणि तिथे खोल व्रण पडतात. मणिपूर-मिझोराममध्ये स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉनच्या कॅप्सूलमधली, टोचण्यासाठी न बनवलेली पूड शिरेत गेली आणि कित्येकांचे हातपाय सडले. त्यातल्या डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिनवर २०१३ मध्ये बंदी आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पिकलेल्या गळवाला नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, चीर द्यावीच लागते. पुवाच्या आम्लात भुलीचं इंजेक्शन पुरेसं काम करत नाही. त्यात अफूवर्गाची सवय असलेल्या शरीराला वेदनाशामकही जास्त लागतं. 'नशेडी आहे, सोंग करते' असं म्हणून तिला कमी औषध देणं हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. पू निथळला की सलाईनने पोकळी धुवायची. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आत ओतायचं नाही, नवं मांस त्याने भाजतं. टाके घालायचे नाहीत. ओला गॉज सैल भरायचा. ठासला तर पू आतच अडकतो. जखम तळातून वर भरत आली पाहिजे, वरून मिटली तर पुन्हा गळू. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही.

हे सगळं सोपं आहे. अवघड आहे तिचं दुसऱ्या दिवशी येणं. मोठ्या दवाखान्यात दिवसभराची रांग, आणि दुपारपर्यंत अंगात 'टर्की', म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, भरते: नाक गळतं, पोटात कळा येतात, हाडं ठणकतात. ती उठून निघून जाते आणि कागदावर 'रुग्ण सल्ल्याविरुद्ध गेला' असं लिहिलं जातं, पुल्लिंगातच. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आणि पट्टी एकाच टेबलावर मिळाली तर रोज यायला तिला कारण असतं. पोराला कडेवर घेऊन बसता येईल अशी जागा आणि बाई सिस्टर असली, तर जांघेतली जखमही ती दाखवते.

साताऱ्या-सांगलीला हे लांबचं वाटू नये. पुणे, सांगली, कोल्हापूर भागात मेफेन्टरमाइनच्या कुप्या पोलिसांनी पकडल्या आहेत. ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरायचं हे औषध व्यायामशाळांमधून तरुणांच्या हाती पोचलं. साताऱ्यात परिवर्तन, पुण्यात मुक्तांगण या जुन्या संस्था व्यसनमुक्तीचं काम करतात. मुक्तांगणात बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभागही आहे. पण सोडायचं ठरवण्याआधीचा काळ मोठा असतो, आणि गळू तेवढं थांबत नाही. 'आधी सोड, मग ड्रेसिंग' ही अट घालणाऱ्याने पेनाची ती रेघ एकदा पुढे सरकताना पाहावी.

निघताना तिच्या पिशवीत सलाईनची छोटी बाटली, गॉज, चिकटपट्टी आणि नव्या सिरिंजा जातात. सिस्टर चारच गोष्टी पुन्हा म्हणवून घेते: थंडी वाजून ताप, जखमेच्या मानाने भलताच ठणका, कातडी काळी पडणं, जांघेतून रक्त. यातलं काहीही झालं तर उद्याच्या ड्रेसिंगची वाट पाहायची नाही, रात्री असेल तर रात्री, १०८ ला फोन करायचा.