वारस नोंद (महाराष्ट्र)

वारस नोंद म्हणजे जमीनधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसांची नावे शासनाच्या अधिकार अभिलेखात दाखल करण्याची महसुली प्रक्रिया होय. महाराष्ट्रात ही प्रक्रिया महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ व १५० नुसार चालते. ग्रामीण भागात ती नोंद सातबारा उताऱ्यावर, तर नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्ड) होते. वारसांविषयी वाद नसल्यास हे काम वकिलाच्या मदतीवाचून होऊ शकते. मात्र वारस नोंद ही मालकी देणारी नोंद नाही. वारसाचा हक्क वारसा कायद्याने अथवा मृत्युपत्राने निर्माण होतो, महसुली दप्तर त्या हक्काची केवळ दखल घेते. हा भेद लक्षात न आल्याने अनेक कुटुंबांत, विशेषतः बहिणी, विधवा सुना व अज्ञान मुले यांच्या हिश्श्यांबाबत, पुढे दीर्घकाळ चालणारे दावे उद्भवतात.

संबंधित गाव नमुने

'सातबारा' हे नाव गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) या दोन नमुन्यांच्या एकत्रित उताऱ्यावरून रूढ झाले आहे. वारस नोंदीच्या संदर्भात पुढील नमुने महत्त्वाचे आहेत.

गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही आहे. जमिनीवरील हक्कात झालेला प्रत्येक बदल प्रथम येथे क्रमांकासह नोंदला जातो व प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर उतरतो. गाव नमुना ६-अ मध्ये हरकत आलेल्या, म्हणजे विवादग्रस्त नोंदी लिहिल्या जातात. गाव नमुना ६-क ही वारसा प्रकरणांची नोंदवही होय. गाव नमुना ८-अ वरून एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे, हे कळते. मृताची जमीन एकापेक्षा अधिक गटांत विखुरलेली असल्यास प्रथम ८-अ चा उतारा पाहणे सोयीचे ठरते, अन्यथा एखादा गट नोंदीतून सुटण्याची शक्यता असते.

नोंदीची प्रक्रिया

कलम १४९ नुसार वारसाहक्काने जमिनीत अधिकार प्राप्त झालेल्या व्यक्तीने तो प्राप्त झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत तलाठ्याला (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) तोंडी किंवा लेखी कळवावयाचे असते. वारस अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालक ही वर्दी देतो. वर्दी मिळाल्याची लेखी पोच देणे तलाठ्यावर बंधनकारक आहे. मुदत उलटून गेली म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. पण विलंबाच्या काळात साक्षीदार व कागद दुर्मीळ होतात आणि पीक कर्ज, पीक विमा, भूसंपादनाचा मोबदला यांसारख्या कामांत अडथळे येतात.

वर्दीसोबत सर्वसाधारणपणे मृत्यूचा दाखला, अर्ज, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी असलेले नाते दर्शविणारे प्रतिज्ञापत्र, तसेच वंशावळ जोडली जाते. शासनाच्या 'ई-हक्क' प्रणालीतून हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. तलाठी स्थानिक चौकशी करून फेरफार घेतो, त्याची प्रत चावडीवर लावतो व हितसंबंधितांना नोटीस पाठवितो. नोटिशीच्या मुदतीत, म्हणजे १५ दिवसांत, हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो व त्यानंतर वारसांची नावे सातबाऱ्यावर येतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते व दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून निर्णय दिला जातो.

मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास कलम २४७ अन्वये उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपिलाची मुदत ६० दिवसांची असून, उशिराचे समाधानकारक कारण दाखविल्यास ती मुदत क्षमापित होऊ शकते. केवळ लेखनप्रमाद असेल, उदाहरणार्थ नावातील अक्षर चुकले असेल, तर अपिलाची आवश्यकता नसते. कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज पुरतो.

नगर भूमापन झालेल्या क्षेत्रात हेच काम नगर भूमापन कार्यालयातील परिरक्षण भूमापकाकडे अर्ज करून होते.

नोंद आणि हक्क यांतील भेद

कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. हे गृहीतक खंडनीय आहे. महसुली नोंदीचे मुख्य प्रयोजन जमीन महसूल कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरविण्याचे असून, तिने मालकी मिळत नाही किंवा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

याचे दोन व्यावहारिक परिणाम होतात. पहिला असा की, ज्या वारसाचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही त्याचा हिस्सा तेवढ्याने संपत नाही. पूर्वी अनेक गावांत वडिलांच्या पश्चात केवळ थोरल्या भावाचे नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या शेऱ्यासह लावले जाई. अज्ञान वारसापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा लिहून पालकाचे नाव घातले जाई. अशा नोंदीमुळे तो भाऊ किंवा पालक एकटा मालक होत नाही. दुसरा परिणाम असा की, ज्याचे नाव लागले आहे त्याच्याकडून जमीन खरेदी करणाऱ्याने केवळ चालू सातबाऱ्यावर विसंबून चालत नाही. मागील फेरफार क्रमाने वाचून कोणता वारस वगळला गेला आहे काय, हे पाहावे लागते.

वारस कोण, हे कसे ठरते

वारस कोण हे महसूल संहिता ठरवीत नाही. ते मृताला लागू असलेल्या वारसा कायद्यावर अवलंबून असते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. मुस्लिमांचा वारसा त्यांच्या वैयक्तिक कायद्यानुसार, तर ख्रिस्ती व पारशी यांचा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ठरतो. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेली वेगळी व्यवस्था असून, तेथे गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि वस्तुसूची कार्यवाही अधिनियम, २०१२ लागू आहे. म्हणून गोव्यातील मिळकतीला पुढील विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही.

१९५६ च्या अधिनियमानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची स्वतंत्र मिळकत प्रथम वर्ग १ च्या वारसांकडे जाते. या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई, तसेच आधीच वारलेल्या मुलाची विधवा व मुले, आधीच वारलेल्या मुलीची मुले इत्यादींचा समावेश होतो. वडील वर्ग १ मध्ये येत नाहीत. उदाहरणार्थ, एखाद्या गृहस्थाच्या मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी असेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पाच समान भाग होतात व प्रत्येकाला एक पंचमांश हिस्सा मिळतो. मुलीचा विवाह झाला असल्याने तिच्या हिश्श्यात काहीही फरक पडत नाही.

विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे. तिचे पहिले वारस मुलगे, मुली व पती हे होत. तिला अपत्य अथवा मृत अपत्याची मुले नसल्यास, आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत पतीच्या कुटुंबाकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा असतो. महाराष्ट्राने १९९४ च्या सुधारणेने, २२ जून १९९४ पूर्वी विवाह न झालेल्या मुलींना सहदायिकाचा दर्जा दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय सुधारणेने मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायिक मानले. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी असा निर्णय दिला की, या हक्कासाठी वडील २००५ च्या त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने अथवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेले वाटप त्यामुळे मोडत नाही.

'आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित' ही समजूतही नेहमी खरी नसते. १९५६ च्या अधिनियमानुसार पित्याच्या स्वतंत्र मिळकतीतून मुलाला वारशाने मिळालेला हिस्सा त्याच्या हाती त्याची स्वतंत्र मिळकत ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे मिळकत कुटुंबात कोणत्या वर्षी व कोणत्या मार्गाने आली, हे पाहिल्यावाचून हिस्सा सांगता येत नाही.

वारंवार होणारे गैरसमज

नामनिर्देशन (नॉमिनेशन): बँकेत अथवा गृहनिर्माण संस्थेत ज्याचे नाव दिले आहे तोच मालक होतो, असे सर्रास मानले जाते. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः वारसांच्या वतीने रक्कम किंवा मिळकत स्वीकारणारी विश्वस्त असते. समभागांच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांत २०१९ च्या सुधारणेनंतर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेतले जाते. आयुर्विम्याचा काही अंशी अपवाद आहे. २०१५ च्या सुधारणेनुसार आईवडील, पती वा पत्नी किंवा अपत्ये यांचे नामनिर्देशन केल्यास ती रकमेची लाभधारक ठरू शकतात.

हक्कसोड: बहिणीने तलाठ्यासमोर 'मला हिस्सा नको' असा जबाब दिला किंवा मुद्रांक कागदावर नोटरीसमोर सही केली, म्हणजे तिचा हक्क संपला असे नव्हे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेला असावा लागतो. याउलट, नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुढे मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक वा दबाव सिद्ध करून ते रद्द करून घ्यावे लागते आणि त्यासाठीच्या दाव्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून ३ वर्षे आहे. वारस नोंदीच्या 'औपचारिक' सह्यांसोबत हक्कसोडपत्रावरही सही मागितली जात असल्यास, ही दोन परस्परविरोधी कामे आहेत हे ओळखणे आवश्यक ठरते. पहिल्याने नाव लागते, दुसऱ्याने जाते.

मृत्युपत्र: मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. मात्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी झालेली असली तरी मृत्युपत्राला आव्हान देता येते.

दाखले: तलाठ्याकडील वारस नोंद, न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र हे तीन वेगळे कागद आहेत. बँकेतील ठेवी, रोखे व येणे रकमा यांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. वारस प्रमाणपत्र महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ अन्वये दिवाणी न्यायालय देते.

वकिलाचा सल्ला केव्हा आवश्यक

सर्व वारस सज्ञान व एकमताचे असतील, मृत्युपत्र नसेल आणि सर्वांची नावे लावावयाची असतील, तर तलाठी कार्यालयातील अर्ज पुरेसा असतो. नोंदीनंतर सर्वांच्या संमतीने जमिनीचे वाटप करावयाचे झाल्यास महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पुढील परिस्थितींत मात्र सही करण्यापूर्वी किंवा मुदत संपण्यापूर्वी वकिलाला भेटणे हितावह असते.

१. एखाद्या वारसाला वंशावळीतून वगळले आहे, किंवा फेरफाराची नोटीस आली आहे व हरकत घ्यावयाची आहे.
२. मृत्युपत्र पुढे आले आहे आणि त्याविषयी शंका आहे.
३. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र अथवा कुलमुखत्यारपत्रावर सही मागितली जात आहे.
४. वारसांत अज्ञान मूल आहे व जमीन विकावयाची आहे. अज्ञानाच्या स्वतःच्या स्थावर मिळकतीची विक्री नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही.
५. मृताचे दोन विवाह झालेले आहेत. पहिला विवाह कायम असताना झालेला हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह शून्य असला, तरी त्या संबंधातील मुलांना पित्याच्या मिळकतीत हक्क असतो.
६. व्यक्ती बेपत्ता आहे. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास मृत्यूचे गृहीतक लागू होते. पण त्यासाठी बहुधा न्यायालयाची घोषणा घ्यावी लागते.
७. सहहिस्सेदार वाटपास नकार देत आहे किंवा परस्पर विक्री करीत आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या व्यक्तीला, वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

वकिलाकडे जाताना मृत्यूचा दाखला, चालू सातबारा व ८-अ, उपलब्ध तेवढे जुने फेरफार, हाताने काढलेली का होईना पण सर्व शाखांसह वंशावळ आणि आलेल्या नोटिसा सोबत नेल्यास सल्ला नेमका मिळतो. नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवणे विशेष महत्त्वाचे, कारण मुदतीची गणना तिच्यावर अवलंबून असते.

मोफत विधी साहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. अन्य व्यक्तींना विहित उत्पन्नमर्यादेत ही सोय उपलब्ध आहे. त्यासाठी तालुका न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. हिश्श्यासाठी झगडणाऱ्या विधवेला किंवा विवाहित मुलीला उत्पन्न कितीही असले तरी ही मदत मागता येते.

वारसांत तडजोडीची शक्यता असल्यास दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्याविरुद्ध अपील करता येत नाही. त्यामुळे तडजोडीच्या मसुद्यात प्रत्येक गटाचा क्रमांक, क्षेत्र व हिस्सा तपासून पाहिल्यानंतरच सही करणे आवश्यक असते.