कोंबड्याच्या डोक्याला मार लागतो तेव्हा

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, की शिरूर अनंतपाळच्या शिवारात घरच्या कोंबड्यांचा मुक्काम खळ्यावर हलतो. दाणे वेचण्याच्या नादात एखादा कोंबडा मळणीयंत्राच्या पत्र्यावर आपटतो. गावात असला तर मोटारसायकलचा धक्का बसतो, पोरांचा दगड लागतो, नाहीतर रात्री मांजराला भिऊन तो अंधारातच उडतो आणि डोके भिंतीवर बसते. दोन नर एका उकिरड्यावर आले तर विचारायलाच नको. मार लागलेला कोंबडा गरगर फिरतो, एका अंगावर पडतो, डोळे मिटून मान टाकतो. मग घरात दोन तट पडतात. एकजण सुरी शोधतो, दुसरा तांब्याभर पाणी घेऊन त्याच्या चोचीत ओतायला धावतो. दोघांनीही जरा थांबावे. बेशुद्ध पडलेला कोंबडा अर्ध्या तासात उठून बसल्याची उदाहरणे खेड्यात पुष्कळांनी पाहिलेली असतात.

याचे कारण कोंबड्याच्या डोक्याच्या रचनेत आहे. श्वास, हृदयाचे ठोके आणि तोल सांभाळणारा मेंदूचा भाग मागच्या बाजूला, खाली, मानेच्या मुळाशी असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९४५ साली एका कोंबड्याची मान कापताना घाव वर बसला. हा भाग शाबूत राहिला आणि तो कोंबडा त्यानंतर सुमारे दीड वर्ष जगला. त्याला नळीने थेट घशात अन्न घालत. प्रकार किळसवाणा खरा, पण त्यातून एक गोष्ट उमगते. तुऱ्यावर किंवा कपाळावर बसलेला टोला दिसायला भयंकर असला तरी बहुधा निभावतो. मानेच्या मुळाशी बसलेला मार दिसत नाही, आणि तोच अधिक घातक असतो.

तुऱ्याला रक्तवाहिन्या फार. त्यामुळे लहान जखमेतूनही डोके लालभडक होते आणि घरचे लोक घाबरतात. स्वच्छ फडके चार-पाच मिनिटे दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. रक्त थांबले की उकळून गार केलेल्या पाण्याने जखम पुसावी. चुना, तंबाखू, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये, डोळ्याजवळ तर मुळीच नाही.

मुख्य उपचार मात्र औषधाचा नाही. माराने मेंदूला हादरा बसतो, सूज येते आणि ती उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ पक्ष्याला उजेड, गोंगाट आणि इतर कोंबड्यांपासून दूर ठेवायचे. कोंबडा झाकला म्हणून उजाडायचे राहत नाही असे आपण म्हणतो, पण इथे कोंबडा झाकायचाच आहे. जमिनीवर भुसा किंवा जुने गोणपाट अंथरून त्यावर त्याला बसवावे, वर डालगे पालथे घालावे आणि त्यावर सैल कापड टाकावे. हवा खेळती राहिली पाहिजे. उन्हाळ्यात पत्र्याखाली झाकून ठेवाल तर माराने वाचलेला कोंबडा उकाड्याने मरेल. बसायला उंच दांडी नको, कारण तोल गेला तर पुन्हा डोक्यावरच पडेल.

पाणी ओतून पाजू नये, हे पुन्हा सांगतो. कोंबड्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते. गुंगीत असलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतले की ते फुप्फुसात उतरते, आणि मग आपण म्हणतो, मार फार लागला होता. तो मान धरू लागला की वाटीतल्या पाण्याला चोच टेकवावी, तो आपणहून पिईल. खायला भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या द्याव्यात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी एक साधी परीक्षा करावी. कोंबड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. डावीकडे चार दाणे टाका, मग उजवीकडे टाका. एकाच बाजूचे टिपत असेल तर दुसऱ्या डोळ्याला इजा आहे असे समजावे. एक डोळा गेलेला कोंबडाही पुढे नीट जगतो, फक्त त्याच्याजवळ दिसत्या बाजूने जावे. बहुतेक पक्षी एक-दोन दिवसांत चालू लागतात, मान वाकडी राहिली तर ती सरळ व्हायला दोन-तीन आठवडेही लागतात. चोवीस तासांत पाणी प्यायला नाही, झटके आले, कानातून वा नाकातून रक्त आले किंवा मांजर-कुत्र्याचे दात लागले असतील तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. दाताची जखम टाचणीएवढी असली तरी आत पू धरते.

बरा झालेला नर एकदम खुराड्यात सोडू नये. दोन-चार दिवसांत त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, आणि डोक्यावरची खपली दिसली की बाकीचे तिथेच टोचतात. आधी जाळीआडून दिसू द्यावा, मग संध्याकाळी अंधार पडल्यावर आत ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाकडी मान, गरगर फिरणे, पाय लुळे पडणे ही सारी लक्षणे मारानेही होतात आणि मानमोडीनेही, म्हणजे राणीखेत रोगाने. ‘काहीतरी लागले असेल’ म्हणून आजारी कोंबडा इतरांत ठेवला, तर आठवड्यात खुराडे रिकामे होऊ शकते. पाच-दहा गावरान कोंबड्यांवर जिच्या हातखर्चाची भिस्त आहे, त्या बाईचे हे नुकसान कोणी भरून देत नाही. मार लागताना कोणी पाहिले का, अंगावर खूण आहे का, हे आधी विचारावे. हिरवट हगवण, धापा किंवा दुसराही पक्षी सुस्त दिसला, तर तो मार नव्हे. तुऱ्यावरच्या खपल्यांचेही तसेच, त्या कधी देवीच्या असतात. आणि डोके सुजून तुरा निळा-जांभळा पडला, पक्षी पटापट मरू लागले, तर हात न लावता कळवावे. २०२१ च्या जानेवारीत अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडीत कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला मेलेल्या कावळ्यांतही तोच आढळला. असा पक्षी कापून खाणे किंवा स्वस्तात विकणे, दोन्ही टाळावे.

जखमी कोंबडा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पोरांनी त्याला कुरवाळून तसेच भाकरीला बसू नये. भेदरलेला नर पायाच्या नखाने खोल जखम करतो. ती धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

मानमोडीवर लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचतात. एक बाटली पुष्कळ पक्ष्यांना पुरते आणि उघडल्यावर ठेवता येत नाही, म्हणून गल्लीतल्या चार-सहा घरांनी पिल्ले एकाच दिवशी एकत्र आणावीत आणि दवाखान्यात आधी सांगून ठेवावे.