फोमची तलवार

ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत, त्यांपैकीं कांहींनीं आपल्या गच्चीवर पुरुषभर उंचीची तलवार तयार होतांना पाहिली असेल. हा पोरखेळ म्हणून हंसण्यावारी नेण्यापूर्वीं त्यांतील कारागिरी एकदां समजून घ्यावी, आणि त्यांतील धोकाहि.

या छंदास कॉस्प्ले म्हणतात. चित्रपट, चित्रकथा किंवा व्हिडिओ गेम यांतील पात्राचा वेष शक्यतों स्वतः तयार करावयाचा व तो घालून मेळाव्यास जावयाचें. हा शब्द जपानांत घडला. नागोया येथें २००३ पासून या छंदाचें जागतिक संमेलन भरत आलें आहे, आणि मुंबईच्या कॉमिक कॉनमध्येंहि असे वेषधारी पुष्कळ दिसतात.

आमच्या पुतण्यानें निवडली ती ‘फायनल फँटसी ७’ या १९९७ सालच्या जपानी खेळांतील क्लाउड नामक वीराची तलवार. पातें पाटाएवढें रुंद! लोखंडाची केली तर उचलतांनाच धाप लागेल. म्हणून सारी खटपट एकाच गोष्टीसाठीं: डोळ्यांस जड वाटावी, हातास हलकी लागावी.

आंत कणा म्हणून पीव्हीसीची नळी घालतात आणि तिच्या दोहों अंगांस १० मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम. लहान मुलांच्या खोलींत अंथरावयाच्या जाड रंगीत चटया असतात, त्याच जातीचा हा फोम. नळी मुठीजवळच संपविली तर पातें मान टाकतें. ती टोकापासून चार बोटें अलीकडेपर्यंत न्यावी लागते. आमच्याकडील पहिली तलवार याच चुकीनें गेली. सुरीस वरचेवर धार लावावी, कारण बोथट सुरीनें फोम कापला जात नाहीं, कुरतडला जातो. मग हीट गनचा उष्ण झोत वरून फिरविला म्हणजे फोमचीं सूक्ष्म छिद्रें मिटतात व रंग आंत मुरत नाहीं.

मुठीवरील नक्षीस वर्ब्लासारखें थर्मोप्लास्टिक वापरतात. सुमारें ९० अंश सेल्सिअसला तें कणकेसारखें मऊ पडतें, वळवावें तसें वळतें आणि निवल्यावर कडक होतें. उरलेले तुकडे पुन्हां तापवून मळतां येतात. मात्र तें फोमहून जड व महाग. सबंध पातें त्यानें मढविणें शहाणपणाचें नव्हे. शेवटीं काळ्या रंगावर रुपेरी रंग आणि त्यावर पातळ काळपट हात देऊन लगेच पुसून घ्यावयाचा. कोरी करकरीत तलवार खोटी दिसते. खरचटलेली खरी वाटते.

आतां धोक्याकडे वळूं. फोम जोडण्यास पादत्राणें चिकटविण्याचें सोल्यूशन लागतें. तें दोन्ही अंगांस लावून कांहीं मिनिटें सुकूं द्यावयाचें, आणि तेवढ्यांत त्यांतील टोल्युइनसारख्या द्रव्यांची वाफ खोलीभर पसरते. ही वाफ हवेहून जड असते. जमिनीलगत सरपटत जाते व ज्योत भेटली कीं पेटते. आमचे चिरंजीव पुतणे माजघरांत बैठक मारून पातें चिकटवीत होते, पलीकडे देवघरांत समई तेवत होती, आणि मधलें दार उघडें! मातोश्रींस रसायनशास्त्र ठाऊक नाहीं. “अरे, या वासानं माझं डोकं उठलं. ने तें सगळं गच्चीवर,” एवढेंच त्या म्हणाल्या. पुढें त्या सोल्यूशनच्या डब्यावरील सूचना वाचली तेव्हां माझ्या अंगावर कांटा आला.

तेव्हांपासून आमच्या घरीं हें काम गच्चीवरच चालतें. साधा कापडी मास्क ही वाफ अडवीत नाहीं. सेंद्रिय वाफांकरितां मिळणारा काडतुसाचा मास्कच घ्यावा. फोम घासतांना उडणारी बारीक धूळहि छातींत जाऊं देऊं नये.

मेळाव्याच्या दिवशीं तलवार लोकलमधून न्यावयाची होती. म्हणून ती मध्यें सुटी होईल अशी केली होती, आणि लोक दचकूं नयेत म्हणून दोन्ही तुकडे जुन्या चादरींत गुंडाळले. निघण्यापूर्वीं मातोश्रींनीं ती जोडून घेतली, एका हातानें उचलली आणि नातवाकडे पाहून म्हणाल्या, “अरे, ही तर माझ्या लाटण्याहून हलकी!”