विकास आकाराची पावती

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा सभासद गॅलरीची लांबी आणि पार्किंग यांवरून भांडत होते. मी मात्र बिल्डरच्या फायलीतलं एक चलन वाचत बसलो होतो. तेहेतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची ही खोड. रक्कम पाहण्याआधी ती कोणत्या शीर्षाखाली जमा झाली हे तो पाहतो. चलनावर लिहिलं होतं, 'विकास आकार'. रक्कम माझ्या प्रॉव्हिडंट फंडाहून मोठी होती.

१९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात १९९२ साली या आकाराचं एक प्रकरण घातलं गेलं. बांधकामाची परवानगी हवी, तर महापालिकेकडे आकार भरायचा. आरंभी तो चौरस मीटरला ठरावीक रुपये असा होता. २०१०पासून रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या टक्केवारीत मोजला जाऊ लागला. तर्क सरळ आहे. बारा बिऱ्हाडांच्या जागी अठ्ठेचाळीस येणार, म्हणजे पाणी, गटार, रस्ता सगळंच जास्त लागणार. त्याचा भार आधीच्या करदात्यांनी का सोसावा? हा पैसा बिल्डर भरतो असं म्हणायची पद्धत आहे. कुणा फ्लॅट घेणाऱ्याला विचारून पाहा.

कायदा पुढे म्हणतो, हा पैसा स्वतंत्र विकास निधीत ठेवा आणि सार्वजनिक सोयी व क्षेत्राची देखभाल-सुधारणा यांवरच खर्च करा. बँकवाल्याच्या कानाला हे गोड लागतं. पण 'क्षेत्र' म्हणजे अख्खं शहर. आमच्या गल्लीचा रुपया नदीपलीकडच्या पुलात गेला तरी त्यात बेकायदा काही नाही. शिवाय आकार एकदाच येतो. बागेतल्या माळ्याचा पगार मात्र दरमहा.

आमच्या मागे एक मोकळा भूखंड होता. विकास आराखड्यात त्यावर हिरवा रंग, म्हणजे उद्यानाचं आरक्षण. माझी मुलं तिथे क्रिकेट खेळत मोठी झाली. अशी जागा महापालिकेने पैसे देऊन घ्यावी किंवा मालकाला चटईक्षेत्राचे हक्क देऊन. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं लोटली तरी काहीच झालं नाही, तर मालक कलम १२७ची खरेदी-सूचना देऊ शकतो, आणि २०१५च्या दुरुस्तीनुसार चोवीस महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण संपतं. आमच्या मालकाने २०१६ साली सूचना दिली. तो हक्क घ्यायला तयार नव्हता, त्याला रोख हवी होती. आणि पालिकेचं उत्तर होतं, निधी नाही. २०१८मध्ये आरक्षण गेलं. आता तिथे बावीस मजले उभे आहेत.

गंमत पुढेच आहे. त्या बावीस मजल्यांचाही विकास आकार भरला गेला, सार्वजनिक सोयींसाठीच. कादंबरीत मी हे लिहिलं असतं तर संपादकाने 'फारच बाळबोध' असा शेरा मारून परत पाठवलं असतं. असो.

माहितीच्या अधिकारात मी एक साधा प्रश्न विचारला: आमच्या प्रभागातून दहा वर्षांत किती विकास आकार आला, आणि त्यातला इथे किती खर्च झाला? उत्तर तिसाव्या दिवशी, म्हणजे मुदतीत, आलं. एकच ओळ होती. प्रभागनिहाय नोंद ठेवली जात नाही.

मी अपील केलं आहे. संध्याकाळी मुलं गल्लीतच खेळतात. स्कूटर आली की कुणीतरी ओरडतं आणि स्टंपची वीट बाजूला होते.