मुक्त संगणक – लेखांक ६ : घोडं नेमकं कुठे पेंड खाणार?

लिनक्सचे प्रचारक पहिल्यांदा पैशाचा मुद्दा काढतात. परवाना नको, वर्गणी नको, सगळं फुकट. आपल्याकडे हा मुद्दा फारसा चालत नाही, कारण बऱ्याच घरांतलं विंडोजही फुकटचंच असतं. गल्लीतला संगणकवाला पेनड्राइव्हवरून ते 'टाकून देतो'. सोबत ऑफिस, फोटोशॉप आणि नशीब वाईट असेल तर एखादा व्हायरसही. तेव्हा पैशाचा हिशेब सोडून देऊ. उबुंटू, मिंट, फेडोरा हे लिनक्सचे वेगवेगळे संच कसे तयार होतात ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता तुमच्या घरातल्या संगणकावर विंडोज ठेवायचं की काढायचं, ते ठरवू.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेमुळे. त्या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची एक मुदतवाढ जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच. विंडोज ११वर जावं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी यंत्रात हव्यात, शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१६-१७ साली घेतलेला, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप कंपनीच्या लेखी बाद. तो बंद पडत नाही, रोजच्यासारखा सुरू होतो. फक्त ती मुदतवाढ नसली की नव्याने सापडलेली भगदाडं बुजवायला कोणी येत नाही. अशा यंत्रावर मी बँकेचा पासवर्ड टाकणार नाही.

निर्णयासाठी एक कागद घ्या आणि आठवडाभर संगणकावर जे जे उघडाल ते त्यावर लिहा. बहुतेकांच्या यादीत जीमेल, यूट्यूब, बँक, रेल्वेचं तिकीट, सातबारा, आयकराचं विवरणपत्र, मुलांचे ऑनलाइन क्लास असंच काही निघतं. हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, आणि फायरफॉक्स किंवा क्रोमला खाली विंडोज आहे की लिनक्स याचं काही देणंघेणं नसतं. यादी इथेच संपत असेल तर खुशाल बदला.

यादीत टॅली असेल तर थांबा. टॅली विंडोजसाठीच बनतं. 'वाइन' नावाच्या आवरणातून विंडोजचे अनेक प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात हे खरं, पण २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचं असताना अशा कसरतीवर कोणी विसंबू नये. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याच्या लिनक्स ड्रायव्हरची चौकशी आधी करा. छापखाना आणि डीटीपीवाल्यांचंही तेच. कोरलड्रॉ, श्री-लिपी, आणि शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली येऊनही अजून काही ठिकाणी तग धरून असलेला पेजमेकर. इंकस्केप आणि स्क्रायबस चांगली साधनं आहेत. पण गिऱ्हाईक कोरलची फाइल घेऊन दारात उभं असतं, त्याला तत्त्वज्ञान सांगून भागत नाही.

आता मराठीचं. युनिकोडमधलं मराठी लिनक्सवर उत्तम चालतं. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट कळफलक हजर. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल. उच्चारानुसार टंकणाऱ्यांचीही सोय आहे. रेड हॅटने मुक्त केलेल्या लोहित फॉन्टवर तर कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी बरंच काम केलं आहे.

घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी. मंगल फॉन्टमध्ये केलेला एखादा अर्ज लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो बसतो. अक्षरं बरोबर दिसतात, पण त्यांची रुंदी आणि ओळींमधलं अंतर किंचित बदलतं. एका पानात मोठ्या मुश्किलीने बसवलेला अर्ज दुसऱ्या पानावर ओघळतो आणि तिथे 'आपला विश्वासू' एवढंच उरतं. नुसतं वाचायला पाठवायचं असेल तर पीडीएफ करा. समोरचा फाइलमध्ये बदल करणार असेल तर दोघांकडेही असेल असा फॉन्ट वापरा; मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' मोफत मिळतो.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या फाइलींत मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसला की सोसायटीचं वीस वर्षांचं इतिवृत्त डोकं-शेपूट नसलेला मजकूर होऊन समोर येतं. तो फॉन्ट लिनक्सवर चढवला तर बहुतेक वेळा वाचता येतं, पण त्या फॉन्टसाठी बनलेलं टंकलेखनाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. असा साठा असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा. खरं तर विंडोजवरच राहणार असाल तरी आणा.

प्रिंटरबाबत थोडं नशीब लागतं. एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडताक्षणी चालतात, कारण लिनक्सचे ड्रायव्हर कंपनी स्वतः पुरवते. काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पानाची सगळी आखणी संगणकाकडून करून घेतात; त्यांचा खास ड्रायव्हर लिनक्सला मिळाला नाही तर ते मुके.

सुदैवाने हे सगळं काहीही न पुसता तपासता येतं. पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' लिनक्स सुरू करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, ते पाहा. एक पान छापा. 'इन्स्टॉल'ला हात लावला नाही तर डिस्कवर ओरखडाही उठत नाही. पेनड्राइव्हवरून ते सावकाश चालेल, त्यावरून मत बनवू नका. आणि लॅपटॉपात जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवून घ्या. निम्मी 'लिनक्सची जादू' खरं तर एसएसडीची असते. ४ जीबी रॅमवर मिंटची हलकी आवृत्ती नीट चालते, पण वीस टॅब उघडलेला क्रोम तिथेही रॅम खाणारच.

हा सगळा विचार घरापुरता झाला. कार्यालयाला यादी करून भागत नाही, माणसं तयार करावी लागतात. म्युनिकच्या महापालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. केरळच्या सरकारी शाळांत मात्र लिनक्स रुजलं, कारण तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली गेली.

माझं मत विचाराल तर : विंडोज ११ न पेलणारा घरगुती लॅपटॉप असेल तर मिंट टाका, संकोच नको. टॅली किंवा कोरलवर पोट असेल तर कामाचं यंत्र विंडोजवरच राहू द्या आणि लिनक्स दुसऱ्या, जुन्या यंत्रावर शिका. एकाच यंत्रावर दोन्ही ठेवता येतात, पण पहिल्याच प्रयत्नात त्या फंदात पडू नका. एक व्यावहारिक सूचनाही : लिनक्स टाकलेला लॅपटॉप दुरुस्तीला देताना 'फॉरमॅट करू नका' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. अनोळखी पडदा दिसला की विंडोज टाकून द्यायचं, ही अनेक दुकानांची रीत आहे.

पुढच्या लेखांकात मिंट प्रत्यक्ष बसवू. त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणून ठेवा. संगणकावर बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर फोटो, कागदपत्रं सगळं कुलपात. फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि त्यातल्या दोन-चार उघडून पाहा. एवढं झालं नसेल तर पुढचा लेखांक वाचा जरूर, पण संगणकाला हात लावू नका.